टँकर आधी कोणाला

आमच्या दाजींइतका निर्णयाला भिणारा माणूस अख्ख्या खानदेशात झाला नसेल, आणि यंत्राला निर्णय घ्यायला शिकवण्याचं काम नेमकं त्यांनीच अंगावर घेतलं. दाजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. धुळ्यात तंत्रनिकेतनात गणित शिकवत. मी तिथलाच ग्रंथपाल. पंगतीत भरिताचा शेवटचा घास उरला, की तो पाहुण्याचा, भुकेल्याचा की रांधणारीचा, यावर ते डोळे मिटून विचार करत. "तुमचा निकाल लागेपर्यंत भरीत आंबेल," म्हणत ताई तो माझ्या ताटात वाढून टाकी.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस आमच्या तंत्रनिकेतनात पहिला संगणक आला. दाजी चपला बाहेर काढून त्याच्या खोलीत शिरत. तिथली हिरवी अक्षरं पाहताना माझाही आवाज आपोआप खाली येई. त्या उन्हाळ्यात तालुक्याच्या कचेरीने विचारलं: टँकर एक, गावं बारा, रोज पाणी आधी कोणाला, हे यंत्र सांगेल का? दाजींनी रिक्षावाल्यापासून न्हाव्यापर्यंत सगळ्यांना हाच प्रश्न घातला आणि शेवटी नियम केला: तहानलेली माणसं जास्त, तिथे आधी. यंत्र क्षणात यादी छापू लागलं. कचेरीतली भांडणं थांबली. "मशीननं सांगितलं" म्हटलं, की माणसं मुकाट परत जात. मी थक्क झालो. दाजींना मात्र त्या शांततेची भीती वाटू लागली.

आठव्या दिवशी माळावरच्या अकरा घरांच्या वस्तीतली म्हातारी संगणकाच्या खोलीच्या दारात उभी राहिली. "भाऊ, आमना नंबर कव्हय येई? तुन्हा मशीनले तीस लागस का?"

तीस म्हणजे तहान. दाजींनी याद्या काढल्या. वस्ती रोज शेवटची, आणि तिथवर जाण्याआधीच टँकर रिकामा. यंत्र रोज नव्याने मोजी. कालची तहान त्याला ठाऊकच नव्हती.

त्यांनी यंत्राला एक सवय लावली. छपाईआधी ते आज पाणी न मिळणाऱ्यांची नावं दाखवी आणि विचारी, "हे कोणी ठरवलं?" नाव टाइप केल्याशिवाय कागद हलत नसे.

यादी न्यायला आलेले कचेरीतले साहेब चिडले. "सर, मग यंत्र कशाला?"

"मोजायला. ठरवायचं तुम्ही."

साहेबांनी बोट उचललं, वस्तीचं नाव वाचलं, पुन्हा वाचलं आणि हात मागे घेतला. त्या दुपारी टँकर आधी माळावर गेला. ड्रायव्हरशेजारी आम्ही दोघं.

"आते मशीनले अक्कल उनी!" मशीनला अक्कल आली म्हणत म्हातारी हसली.

"मशीनले नही, अक्का. माले," दाजी म्हणाले.

पुढच्या वर्षी कचेरीने स्वतःचं यंत्र आणलं. ते फार वेगवान होतं आणि काहीच विचारत नसे. मग दाजी दर उन्हाळ्यात एसटीने माळावर जात, टँकर येतो का ते बघायला.

दाजी माघात वारले. या वैशाखात मीच गेलो. टँकर उभा होता.

"सर का नही उनात?" कोणीतरी विचारलं.

"सर माघात गेले. आता मी येत जाईन," म्हणालो आणि शेवटचा हंडा भरेपर्यंत थांबलो.