बाटलीवरचा रुपया

पायाचा अंगठा गेला तेव्हा बिराप्पाला अक्कल आली, असं त्याची बायको म्हणायची. मला तसं वाटत नाही. अक्कल माझ्या पुतण्याला आधीपासून होती, जीभ तेवढी ऐकत नव्हती.

तरुणपणी तो मेंढरांमागं हिंडला. मग जतकडच्या आमच्या गावात एसटी थांब्याजवळ दुकान घातलं. बर्फाच्या पेटीत गोड थंड्याच्या रंगीत बाटल्या. चार विकायच्या, एक आपण प्यायची. साखरेचा आजार झाला, जखम चिघळली, त्र्याण्णव साली सांगलीला अंगठा काढावा लागला.

परत आला तो काठी टेकत थेट गावसभेत. दर बाटलीला एक रुपया जादा घ्यायचा, त्यातून महिन्याला डॉक्टर आणून साखर तपासायची, असं त्यानंच मांडलं. लोक हसले. दुकानदार आपल्याच मालावर पट्टी बसवतोय, हे कुणी पाहिलं नव्हतं. पण ठराव झाला. पोरांचं पिणं कमी झालं. द्राक्षबागवाले दादासो मात्र रोज बाकावर बसून पीत होते, रुपया फेकून.

उन्हाळ्यात आमच्या गल्लीतल्या बनाबाईच्या लेकीला बघायला पलूसहून पाहुणे आले. माणसं पाच. टँकर दोन दिवस आला नव्हता आणि आमच्या विहिरींचं पाणी खारं. बनाबाई बाटल्या न्यायला आली. बिराप्पानं जादाचे पैसे सांगितले.

"भावजी, आमी काय हौसंनं पितोय व्हय?" ती म्हणाली. "पाहुण्याम्होरं खारं पाणी ठिवू का? आदी गोडं पाणी द्या, मग रुपाया घ्या."

बिराप्पाचा हात थांबला. बाकावरून दादासो म्हणाले, "नेम तुजाच हाय रं गड्या. तिला सोडलंस तर आमाला बी सोड."

बिराप्पानं तिच्याकडून रुपया घेतला. पदरातल्या पैशात चारच बाटल्या आल्या. पाचवं माणूस म्हणजे नवऱ्या मुलाची आई, तिला खाऱ्या पाण्याचा चहा मिळाला. तिनं एक घोट घेऊन कप खाली ठेवला. स्थळ जमलं नाही. चहानं मोडलं असं दुसरं कुणी म्हणत नाही, बनाबाई म्हणते.

पुढच्या सभेत बिराप्पानं त्या जादाच्या पैशातून पाण्याची सोय करा म्हणून लय डोकं फोडलं. ते पैसे डॉक्टरचे, असं उत्तर मिळालं. आणि त्याच डॉक्टरनं पावसाळ्यात बनाबाईच्या नवऱ्याची साखर वेळेवर धरली. आता कुणाला काय म्हणायचं?

"काकी, घेतला त्यो रुपाया चुकला का गं?" बिराप्पानं मला विचारलं. मी दाण्यातले खडे वेचत राहिले. घेतला नसता तर दुसऱ्या दिवशी ठराव मोडला असता. घेतला, तर लेकीच्या आईची मान खाली गेली. यातलं हलकं कुठलं, ते मला आजही तोलता येत नाही.

आता तो रोज सकाळी शेजारगावच्या बोअरचं गोडं पाणी लुनावर कॅन बांधून आणतो आणि दुकानापुढं ठेवतो. फुकट. थांब्यावरची माणसं पितात. बाटलीवरचा रुपया तसाच आहे.

बनाबाईही येते. पाणी पिते, पेला विसळते, पालथा ठेवते. त्याच्याशी बोलत नाही.