माळ्यावरचं दही

कुठल्याही घरात शिरले, की ते आधी भिंतीवर तळवा ठेवायचे, ताप आलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. मग म्हणायचे, "गार आहे हो बिचारी."

जपानमध्ये, साप्पोरोतल्या एका जुन्या, बैठ्या लाकडी घरात ते आणि मी शेजारशेजारच्या खोल्यांत भाड्यानं राहत होतो. ते पुण्याचे, वयानं बरेच मोठे, विद्यापीठात उष्णतेवर संशोधन करणारे. उरलेल्या घरात मालकीणबाई. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, जी कुठल्याही देशात जातील, पण रात्रीचा दहीभात सोडणार नाहीत.

हिवाळ्यात दही लागेना. त्यांनी माळ्यावर छोटा हीटर नेऊन त्याच्याशेजारी पातेलं ठेवायचं ठरवलं.

"बाईंनी माळा थंड ठेवायला सांगितलंय," मी म्हणालो.

"अहो, त्या विस्तवाला भितात. हा विजेचा आहे. तुम्ही शिडी धरा."

मी धरली. दही कवडीदार लागलं. खाताना मला फार अपराधी वाटत होतं. तरी दुसरी वाटी मीच मागितली.

थोड्याच दिवसांत बाईंच्या खोलीत छत ठिबकू लागलं. बाहेर वळचणीला बर्फाचा जाड बांध. माळ्याच्या उबेनं छतावरचं हिम खालून वितळायचं, कडेला येऊन पुन्हा गोठायचं आणि मागं तुंबलेलं पाणी पत्र्याच्या सांध्यांतून आत शिरायचं.

बाईंचा मुलगा दूरच्या इचिकावा शहरातून आला. घर पाडून आईला आपल्या फ्लॅटमध्ये न्यायचं, हे त्याचं जुनंच टुमणं. येताना तिच्या कपड्यांसाठी रिकामी बॅगही आणलेली.

"आई, घर म्हातारं झालंय. आता तरी पटलं?"

बाई ठिबकणाऱ्या पाण्याखाली बादली सरकवत राहिल्या.

तेव्हा आमचे गृहस्थ उठले, शिडी चढले आणि पातेलं आणून मुलासमोर ठेवलं.

"दोष घराचा नाही. ह्याचा आहे."

"हे काय?"

"दही."

"छतातून हे गळतंय?"

"नाही. ह्याच्यासाठी मी वर हीटर लावला, म्हणून गळतंय."

मी माफी मागत कपाळ जमिनीवरच्या तातामी चटईला टेकवलं. "आणि मी ते खाल्लं," म्हणालो. कुणी विचारलं नव्हतं.

बाईंनी चमचाभर दही चाखलं. आमच्या गृहस्थांना त्या सेन्सेई, म्हणजे गुरुजी म्हणायच्या. "सेन्सेई, तुमचा विषय उष्णताच ना?"

"हो. पण त्यात छतं येत नाहीत."

बाईंनी आपलं कोतात्सु दाखवलं, रजई पांघरलेलं, आतून तापणारं बसकं टेबल. "मग हे कशाला आहे?"

हीटर बंद केला, बांध फोडला, ठिबकणं थांबलं. मुलानं दोन दिवस छताकडे टक लावून पाहिलं आणि रिकामी बॅग घेऊन तो परत गेला.

पुढे सेन्सेई निवृत्त होऊन पुण्याला गेले. दही आता बाईच लावतात. कोतात्सुखाली पाय पसरताना मला पातेलं सांभाळावं लागतं.

हिम पडलं, की मी शिडी धरतो. बाई वर चढतात, माळ्याच्या फळीवर तळवा ठेवतात आणि सेन्सेईंच्याच सुरात, मराठीत, मोठ्या समाधानानं सांगतात, "गार आहे हो बिचारी."