वळून बघणारा कोळी

काल सकाळी कपडे वाळत घातले, कढीपत्त्याला पाणी दिलं आणि माझ्या खोलीतली खिडकी पुसायला घेतली. तेवढ्यात एक इवलासा कोळी उडी मारून फडक्यावर बसला. मी हात हलवला तसा गर्रकन वळून थेट माझ्याकडेच बघायला लागला.

मैत्रिणींनो, माझी शाळा सातवीत सुटली, पण वाचायची खोड राहिली. फोनवर शोधलं. हा कोळी जाळं विणत नाही, उडी मारून माशा धरतो. उष्ण प्रदेशातली ही जात माणसांच्या सामानातून कुठे कुठे पोचली म्हणे. मला हसू आलं. मीही बहारीनच्या बेटावर तशीच आले, ह्यांच्या व्हिसावर, दोन बॅगांबरोबर.

ऑफिसला निघाले की हे खाली गाडीपाशी थांबून एकदा वळून या खिडकीकडे बघायचे. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली.

संध्याकाळी मुलगा म्हणाला, "आई, उद्या पेस्ट कंट्रोलवाला येतोय. सगळ्या खोल्यांत औषध मारून घेऊ."

"माझी नको. तिथे कोळी आहे."

"अगं, म्हणून तर!"

"तो माझ्याकडे बघतो तरी. तुम्ही सगळे फोनमध्ये."

सून हसत म्हणाली, "खलास! आता बोला."

"औषधाचा वास येईल, आई. तू बाहेर बस," मुलगा म्हणाला.

तुम्ही काय केलं असतं?

आज सकाळी माणूस आला. मी त्याला स्वयंपाकघर दाखवलं, माझ्या खोलीत गेले, दार लावलं, फटीला ओला टॉवेल लावला आणि तो जाईपर्यंत खिडकीपाशी बसून राहिले.