गिरणी थांबवून केलेली बेरीज

मुलांनो, जुना प्रोसेसर लावून तुम्ही घरी बनवलेल्या कॉम्प्युटरचा फोटो पाहिला. हल्ली फोनकडे फार वेळ बघवत नाही, तरी त्या उघड्या तारा पाहताच तारांना डाग देताना तापणाऱ्या राळेचा वास आठवला.

तुमचे बाबा लहान असताना जळगाव जामोदला आजोबांनी असाच एक बनवला होता. त्याला पडदा नव्हता, नुसते लाल आकडे उमटत, आणि वीज जरा कमी झाली की तो सगळं विसरे. त्या दुपारी माझे सासरे आपल्या मुलाचं हे खूळ पाहायला वरवट बकालहून आले होते. आपलं यंत्र चालताना वडिलांनी एकदा तरी पाहावं, एवढीच आजोबांची इच्छा होती.

बेरीज कशी करायची हे यंत्राला सांगणारे आकडे मी कागदावरून वाचत होते, आजोबा बटणं दाबून ते भरत होते. संपत आलं आणि शेजारची पिठाची गिरणी सुरू झाली. बल्ब मंदावला, आकडे गेले. मी दमून कागद खाली ठेवला. आताच्या थकव्यापुढे तो थकवा काहीच नव्हता.

"काऊन बे, काय झालं?" सासऱ्यांनी विचारलं.

"गिरणीनं वीज ओढली, बाबा. सारं विसरलं ते."

सासरे उठले आणि गिरणीच्या दारात जाऊन, पोराच्या यंत्रासाठी ती घटकाभर थांबवा म्हणाले. डबे घेऊन बसलेल्या बाया हसल्या, "मामाजी, पोराचं यंत्र चक्कीले भेते काय?"

गिरणी थांबली. आम्ही पुन्हा पहिल्यापासून सगळं भरलं. सात आणि पाच दिल्यावर बारा उमटले.

"हे तं मलेबी येते," सासरे म्हणाले. आजोबांची मान खाली गेली.

सासरे मात्र दाराशी जाऊन ओरडले, "थांबा व बायाहो! मले अजून एक डाव पाहू द्या."