आखूड वायरीचा ट्रक

ट्रकमधलं मला कुणी शिकवू नये, अशी माझी तेव्हा घमेंड होती. फौजेत ड्रायव्हर होतो. डोंगरात, बर्फात, रेतीत तीन टनी गाड्या हाकल्या होत्या आणि नुसता आवाज ऐकून गाडीला कुठं काय दुखतंय ते सांगत होतो. त्यामुळं सांगलीच्या एका खेळण्यांच्या दुकानात हातभर लांबीचा ट्रक घ्यायची वेळ आली, तेव्हा तोही मी असा तपासला की दुकानदार हसू दाबत राहिला.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. दोन महिन्यांच्या रजेवर आलो होतो. गाव वडूजजवळचं, कोरडवाहू. आमचा एकुलता एक मुलगा दोन वर्षांचा असताना तापानं पडला होता आणि तो ताप उतरला तो त्याच्या उजव्या पायातलं बळ घेऊनच. पोलिओ. पाच वर्षांचा झाल्यावर मिरजेच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, प्लास्टर झालं, त्यातच रजेचे चाळीसेक दिवस गेले, आणि शेवटी मांडीपासून टाचेपर्यंत लोखंडी पट्ट्यांचं कॅलिपर चढलं. गावात त्याला 'लोखंडी बूट' म्हणायचे.

बूट चढवला त्या दिवशी डॉक्टरांनी आम्हा नवराबायकोला समोर उभं करून बजावलं. "ह्याला रोज चालवा. सकाळी आणि संध्याकाळी. बसून राहिला तर गुडघा वाकलेला तसाच आखडेल, मग माझ्याही हातात काही राहणार नाही. रडेल. रडला तरी चालवा. एक वर्ष तुम्ही सोसलंत, तर हा जन्मभर गुडघ्यावर हात न टेकता चालेल."

मी 'हो साहेब' म्हणालो. बायको काही बोलली नाही, पण तिनं ते ऐकलं. आमच्या दोघांत एवढाच फरक होता, आणि तो मला फार उशिरा कळला.

मिरजेहून सांगलीला आलो, वडूजची एस.टी. मिळायला दोन तास होते. पोरगं माझ्या खांद्यावर. दवाखान्यातल्या शेजारच्या खाटेवरच्या पोराकडं त्यानं वायरची गाडी पाहिली होती आणि तेव्हापासून त्याचं एकच पालुपद चाललं होतं. आता ज्याला रिमोट म्हणतात तो शब्द आमच्याकडं नव्हता. वायरची गाडी म्हणजे हातात एक डबी, तिच्यात सेल, डबीवर एक खटका. खटका पुढं ढकलला की गाडी पुढं, मागं ओढला की मागं. डबी आणि गाडी यांच्यामध्ये वायर.

दुकानात दोन होत्या. एक लाल प्लॅस्टिकची, स्वस्त, दिसायला चिकणी. तिचं चाक मी बोटानं हलवलं तर ते आशाळभूत पाहुण्यासारखं सगळ्या बाजूंना डुलायला लागलं. दुसरी पत्र्याची, निळी, मागं पिवळा हौदा. आस लोखंडी, चाकं रबरी, सांधे डाग देऊन पक्के केलेले. मी ती उलटी केली, हौद्यावर कोपर टेकून भार दिला, कानाशी नेऊन चाक फिरवलं. आमच्या खिशाला ती जराशी जडच होती, पण दर रजेला एक प्लॅस्टिकची घेण्यापेक्षा एकदाच ही घेतलेली बरी.

"हिची वायर लय आखूड हाय," मी दुकानदाराला म्हणालो. "लांब वायरची न्हाई का?"

"न्हाई वो. समद्यांची एवडीच येती. तीन हात."

मी विचारात पडलो, तेवढ्यात बायको मागून म्हणाली, "आवं, हीच घ्या."

स्टँडवर बसल्यावर तिनं मला कारण सांगितलं. "वायर आखूड हाय म्हनूनच. गाडी पुढं पळाली की ह्याला मागनं जावंच लागंल. डॉक्टर काय म्हनलं, इसरलासा का?"

मी हसलो. म्हणालो, "व्वा! तू तर डॉक्टरच्या वरची निघालीस." ती हसली नाही.

आणि खरंच तसं झालं. पहिले पंधरा दिवस आमच्या सोप्यात आणि अंगणात निळा ट्रक पळत होता आणि त्याच्या मागं ते लोखंड खडाड खडाड वाजत होतं. ट्रक तीन हात जायचा, वायर ताणली जायची, पोरगं भिंतीला हात लावून पाय ओढत पुढं जायचं. पडायचं. आई दोन पावलांवर उभी असायची, पण हात द्यायची नाही. "ऊठ. ट्रक थांबलाय बघ." एवढंच म्हणायची. पट्ट्यांनी मांडी सोलवटली होती. तिथं ती रोज खोबरेल लावायची आणि लगेच पुन्हा बूट बांधायची. पोरगं माझ्याकडं बघून रडायचं. "आबा, आईला सांगा की. आबा, उचला की मला."

मी डोंगरात माणसं मेलेली पाहिली होती, पण ते मला पाहवेना. शेजारणी म्हणायच्या, सख्खी आई का सावत्र? एकदा रागाच्या भरात मीही तिला तेच म्हणालो. तिनं माझ्याकडं नुसतं बघितलं आणि परत म्हणाली, "ऊठ बाळा. ट्रक थांबलाय."

रजा संपायला चार दिवस राहिले होते. पंधराव्या दिवसापर्यंत पोरगं भिंत सोडून सहा-सात पावलं टाकायला लागलं होतं, पण मला ती पावलं दिसलीच नाहीत. मला फक्त रडणं ऐकू येत होतं. मी वडूजला गेलो आणि घरातल्या घंटीला वापरतात ती पातळ वायर आणली. बायको शेतात गेली होती तेवढ्या वेळात मूळची वायर कापली, मध्ये बारा हात नवी जोडली, सांध्यांना चिकटपट्टी गुंडाळली. वायरिंगमध्ये तर माझा हातखंडाच होता. पोराला सोप्यात पोत्यावर बसवलं, बूट सोडला, डबी हातात दिली. ट्रक सोप्याची पायरी फळीवरून उतरला, अंगण ओलांडून थेट फाटकापर्यंत गेला आणि खटका ओढल्यावर तसाच मागं आला. पोरगं टाळ्या पिटत हसलं. दोन महिन्यांत मी त्याला तसं हसताना पाहिलं नव्हतं.

ती शेतातून आली. डोक्यावरचा भारा तसाच. एकदा ट्रककडं, एकदा वायरकडं, एकदा सोडलेल्या बुटाकडं बघितलं.

"ह्ये काय केलंसा?"

"रडतंय का बघ आता," मी म्हणालो. केवढ्या दिमाखात म्हणालो होतो!

मी निघालो त्या सकाळी पोरगं सोप्यातच बसलं होतं. मी ट्रंक उचलून फाटकाशी पोचलो तर मागून घरघर ऐकू आली. त्यानं ट्रक माझ्या मागं पाठवला होता. हौद्यात एक जास्वंदीचं फूल ठेवलं होतं. मी ते घेतलं, खिशात ठेवलं, आणि आगगाडीत बसल्यावर सगळ्या जोडीदारांना कौतुकानं सांगितलं. वायर आखूडच असती तर त्या दिवशी पोरगं स्वतः फाटकापर्यंत आलं असतं. पडत, धडपडत, पण आलं असतं.

दोनेक महिन्यांनी पत्र आलं. तिला लिहिता येत नव्हतं; गावातले गुरुजी लिहून द्यायचे. मजकूर असा, की मुलगा चालायला नको म्हणतो, दिवसभर बसून गाडी खेळतो, गाडी लपवली तर जेवत नाही. तरी वायर पहिल्यासारखी तोडून घेऊ का, ते कळवावे. मी हजार मैलांवर बसून उंटावरून शेळ्या हाकल्या. लिहिलं, पोराला तेवढंच एक सुख आहे, खबरदार वायर तोडशील तर. चालवायचं काम तुझं आहे, ते तू बघ. हे पत्र गुरुजींनी तिला वाचून दाखवलं असेल. कोणत्या आवाजात वाचलं असेल, कोण जाणे.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी आलेल्या पत्राच्या खाली मुलानं स्वतःच्या हातानं, मोठ्या वाकड्या अक्षरांत एक ओळ लिहिली होती. पहिलीत घातलं होतं त्याला. 'आबा आईने गाडी मोडली.' मी पेटलो. बायकोला असं पत्र लिहिलं की ते गुरुजींना वाचताना लाज वाटली असेल. त्याला तिचं उत्तर आलं नाही.

रजेवर परतलो तेव्हा पूर्ण वर्ष लोटलं होतं. पोरगं सोप्यात बसलेलं. मला बघून उठायला गेलं आणि उजवा गुडघा वाकलेला तसाच राहिला. हातानं गुडघा मागं रेटून ते उभं राहिलं. लोखंडी बूट आता पायावर बसतच नव्हता.

ट्रक फडताळात होता. मी वायर हातात घेतली. तिच्यात गाठी होत्या. एकापुढं एक, घट्ट, हातभर अंतरानं सुरुवात करून पुढं चार-चार बोटांवर मारलेल्या. बारा हातांची वायर गाठी खात खात चार-पाच हातांवर आली होती, आणि शेवटच्या गाठीत आतली तांब्याची तार तुटली होती.

"ह्या कुनी मारल्या?"

"मी," ती म्हणाली. "दर आयतवारी एक. त्याला कळू न देता. ट्रक जरा जवळ थांबायचा, मंग त्यो जरा पुढं सरायचा. सोप्याच्या कडंपतुर आला हुता, पायरी उतराय लागला हुता. मंग एक दिस गाडी बंद पडली. मला काय ठावं, गाठीनं तार तुटती म्हनून? त्यानं बघितलं, मीच गाठ मारत हुते तवा. त्या दिसापास्नं माज्याशी बोलना, आन् चालायचंबी सोडलं."

"तोडायची न्हाईस का सरळ? पयल्याच दिवशी?"

"तुमी तोडू नको म्हनलासा," ती म्हणाली. "मी तोडली न्हाई."

दुसऱ्या दिवशी मिरज. डॉक्टरांनी गुडघा हातात घेतला, सरळ करून पाहिला, पोरगं किंचाळलं. त्यांनी जुने कागद काढले. "ह्याचा गुडघा तर सरळ झाला होता. मध्ये काय झालं?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. शब्द यायला जो काही वेळ लागला तेवढ्यात ती म्हणाली, "माज्याकडनं हयगय झाली, डाक्टर. ह्ये नव्हतं हितं. मीच न्हाई चालवलं."

डॉक्टर तिला खूप बोलले. आई आहात का कोण आहात, इथपर्यंत. ती खाली मान घालून ऐकत होती आणि मी, फौजेतला गडी, शेजारी सावधानमध्ये उभा राहून हाताची घडी तोंडावर बोट. खाटेवर बसलेलं पोरगं सगळं ऐकत होतं. परत येताना एस.टी.त मी तिला म्हणालो, असं का बोललीस? ती म्हणाली, "तुमी परत जानार. मी हितंच हाय. माजं काय, मला बोलून जातील." मला ते पटलं. म्हणजे, सोयीचं होतं म्हणून पटवून घेतलं.

पुढं दोन ऑपरेशनं झाली. थोडा फरक पडला, फार नाही. मुलगा शिकला, साताऱ्यात सरकारी कचेरीत लागला, संसार झाला. चालतो, पण दर पावलाला उजवा हात गुडघ्यावर टेकून. आईशी तो वाईट वागला असं मी म्हणणार नाही. औषधपाणी केलं, लुगडी आणली. पण आजारी पडला की हाक मला मारायचा. बढती मिळाली की पहिलं मला सांगायचा. ती चुलीपाशी बसून ऐकायची आणि दोघांना चहा द्यायची. इतकी वर्षं माझ्या एका वाक्याचं काम होतं. ते मी आज-उद्या करत राहिलो, आणि ती गेली.

वर्षश्राद्धाला मुलगा एकटाच आला होता. दुपारी तिची ट्रंक उघडली. तळाशी तो निळा ट्रक होता, पत्र्यावर गंजाचा एक ठिपकासुद्धा नाही. माझी निवड चुकली नव्हती. त्याच्याभोवती ती वायर गुंडाळलेली.

मुलगा कडवट नाही, थट्टेनंच हसला. "आईनं मोडलेला ट्रक! आबा, ठेवला की हो तिनं."

मी म्हणालो, "तिनं न्हाई मोडला."

आणि मग सगळं सांगितलं. तीन हातांची वायर तिनं का घ्यायला लावली ते, मी ती का वाढवली ते, माझी दोन्ही पत्रं, आयतवारच्या गाठी. तो गाठींवरून बोट फिरवत ऐकत होता.

"आन् दवाखान्यात ती म्हनली, मीच न्हाई चालवलं..."

"खोटं हुतं ते."

"तुमी तिथंच हुता."

"व्हय."

"आन् गप्प ऱ्हायला."

"व्हय."

त्यानं ट्रक ट्रंकेत ठेवला नाही, माझ्यासमोर जमिनीवर ठेवला. वायर मात्र सोडवून घेतली, गुंडाळली आणि स्वतःच्या खिशात घातली. गुडघ्यावर हात टेकून उठला. पायरी उतरला, अंगण ओलांडून एकेक पाऊल टाकत फाटकाशी उभ्या केलेल्या त्याच्या स्कूटरकडं गेला. दर पावलाला तो हात गुडघ्यावर जात होता आणि मी मोजल्यासारखा बघत होतो. त्यानं मागं वळून पाहिलं नाही.

मी उठून फाटकापर्यंत जायला हवं होतं. माझे पाय अजून धड आहेत. मी सोप्यातच बसून राहिलो.