पुनवेच्या संध्याकाळचं पाणी

उरणचा तो धक्का आठवला की आजही बोलता बोलता थांबायला होतं. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा जालना जिल्ह्यात फौजदार होते. धावडा गावची एक बाई ठाण्यात आली. तिची लेक नवऱ्यासोबत उरणला राहायची, नवरा तिथल्या गोदामात कामाला. तो एकटाच परत आला होता. बायको समुद्रात बुडाली म्हणाला.

"मॅडम, लेकरू दिसल्याबिगर दहावा कशाचा करू?" बाई म्हणाली. "भावकी मागं लागून राह्यली. मी न्हाई म्हन्ले."

जावयाला बोलावून त्याचा जबाब मीच लिहून घेतला. पौर्णिमेला संध्याकाळी सहाला दोघं मुंबईहून लाँचने उरणच्या मोरा धक्क्याला आले. उतरताना तिचा पाय घसरला. पाणी काठोकाठ होतं, ती वर आलीच नाही. तिकडच्या ठाण्यात का गेला नाहीस? "घाबरलो, मॅडम." पुन्हा विचारलं, तर शब्दन् शब्द तोच. खरं सांगणारा माणूस थोडं तरी मागेपुढे करतो. पण खोट सापडेना. आम्ही सगळे कोरड्या मुलखातले. समुद्र म्हणजे सदा भरलेला, एवढंच ठाऊक.

काही दिवसांनी उरणला जायची परवानगी मिळाली. हवालदाराला घेऊन रेल्वेने मुंबई गाठली आणि भाऊच्या धक्क्यावरून लाँच धरली. मोरा धक्क्याला उतरलो तेव्हा भरदुपार होती. पाणी पायऱ्यांवर आपटत होतं. इथे पडलेलं माणूस सापडायचं नाही, हे मलाही पटलं. रिक्षाने शहरात गेलो. त्या दोघांच्या खोलीला कुलूप होतं, शेजारी काही बोलेनात. मिठागरांच्या कडेने पायी हिंडलो. सहाच्या सुमारास धक्क्यावर परत आलो, तर पाणी नव्हतं.

नजर जाईल तिथवर काळा, चकाकणारा चिखल. होड्या कुशीवर पडलेल्या. चिखलात बुडबुड्यांची बारीक फुटफुट चालू होती, बाकी आवाज नाही. हवालदार हळूच म्हणाला, "मॅडम, समुद्र कुठं गेला?"

मासळीची पाटी घेऊन बसलेली बाई हसली. "कुठलं गो तुम्ही? अवस हाय आज. सांजच्याला असंच. लाँच आता नाय."

"आणि पुनवेला?"

"दोन्हीला सारखंच. दुपारी भरती, सांजेला सुकं."

ज्या पाण्यात ती बुडाली म्हणून मी लिहिलं होतं, ते त्या वेळी तिथे नव्हतंच.

परतल्यावर जावयाला समोर बसवून चहा दिला. "उतरलास तेव्हा चिखल किती होता?"

"चिखल न्हाई, मॅडम. विहिरीवानी भरेल होतं."

"पुनवेला सहाला तिथं लाँच लागत नाही."

त्याने कप खाली ठेवला. "मी एकदाच गेल्तो त्या धक्क्यावर," तो म्हणाला. "दुपारी." मग सगळं बाहेर आलं. खोलीत भांडण झालं होतं, त्यात ती गेली. प्रेत त्याने मिठागराजवळच्या पडीक विहिरीत टाकलं होतं. गुन्हा उरणकडे वर्ग केला. त्याने जागा दाखवली. आईने लेकीला हातावरच्या गोंदणावरून ओळखलं आणि मग दहावा केला.

त्यानंतर जबाबात जी वेळ असेल, त्या वेळेला घटनास्थळी उभी राहिल्याशिवाय मी तपास पुढे नेला नाही. खोटं त्याचं होतं, पण 'पाणी काठोकाठ' हे अक्षर माझं होतं. भावकी त्याच जबाबाची नक्कल आईपुढे धरायची. तरी तिने ऐकलं नाही, म्हणून मी उरणला गेले.