पुसला गेलेला रफू

मैत्रिणींनो, सकाळपासून माझं चित्त थाऱ्यावर नाही.

गिऱ्हाइकं जुन्या साड्या पाठवतात आणि मी व सासूबाई इथं राजूरला त्यांच्या गोधड्या शिवतो. संगमनेरच्या एका ताईंनी त्यांच्या वारलेल्या आईची निळी साडी दिली होती. आज गोधडी पुरी झाली. वरून काढलेला फोटो झकास दिसावा म्हणून तो तीन एआय ॲपमध्ये टाकून पाहिला. पहिल्यातला मळकट वाटला. दुसऱ्यानं शेजारी कॉफीचा कप ठेवला! तिसरा एकदम स्वच्छ, तोच ताईंना पाठवला.

लगेच फोन आला. "आईनं हातानं केलेला रफू कुठंय? साडी बदललीत ना?"

पळत जाऊन पाहिलं. रफू जागेवरच होता. ॲपनं डाग समजून पुसला असणार. मी नाकारलेल्या मळकट फोटोत तो दिसत होता.

सासूबाई म्हणाल्या, "आगं, मोबाईलवर साधा फोटू काढून धाड की! त्यात काय लई?"

अंगणात गोधडी पसरून फोटो काढला, पाठवला. ताईंचं उत्तर आलं, "हा तरी खरा कशावरून?"

ताईंना अजून उत्तर लिहायचंय. तुम्ही काय लिहिलं असतं?